पाचव्या गलावरचा दंड

गोल्फचे नियम आमच्या तालुक्यात पहिल्यांदा मराठीत मी आणले. हे मी सहसा कुणाला सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो. शहाद्यात, आणि गोल्फ?

हो. दोन हिवाळे होता. कळसाडीच्या शिवारात, जिथे ऊस धरत नव्हता आणि कापूस गुडघ्याच्या वर जात नव्हता, अशा एका मुरमाड माळावर. सहा गल होते. गोट्या खेळताना आपण टाचेने उकरतो तोच गल, फक्त सव्वाचार इंच रुंद आणि आत पाइपाचा तुकडा बसवलेला. गवत नव्हतंच. टीव्हीवर गलाभोवती जो हिरवा गालिचा दिसतो, त्याच्या जागी आमच्याकडे बारीक वाळूत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल कालवून, वरून रूळ फिरवून केलेलं काळपट अंगण. साहेब त्याला ब्राउन म्हणत. बाकीचे डांबर म्हणत.

साहेब म्हणजे बाहेरून बदलून आलेले एक मोठे अधिकारी. खातं सांगत नाही. आधीच्या कुठल्याशा गावी त्यांना या खेळाचा नाद लागला होता आणि इथे आल्यावर रविवार त्यांना खायला उठायचा. माळ कळसाडीच्या एका बागायतदाराचा. साहेबांनी विचारल्यावर त्याला नाही म्हणता आलं नाही, आणि मोजून द्यायला मला नाही म्हणता आलं नाही. अशा रीतीने क्लब स्थापन झाला.

मी भूकरमापक. म्हणजे शेतांच्या हद्दी मोजायच्या, दगड बसवायचे आणि भांडणाऱ्या दोन भावांच्या मधे उभं राहून दोघांच्याही शिव्या खायच्या. आता यंत्रं आली, पण आम्ही शिकलो ते काठ्यांवर. दोन काठ्या रोवायच्या, मागच्या काठीच्या मागे आपण उभं राहायचं, एक डोळा मिटायचा आणि पुढे तिसरी काठी धरून उभ्या असलेल्या माणसाला हाताने सांगायचं: डावीकडे, अजून थोडी, बस. याला आम्ही लाईन देणं म्हणतो. अठ्ठावीस वर्षं मी लाईन देत आलो. कुणाच्या मागे उभा राहिलो की माझा डावा डोळा आपोआप मिटतो. लग्नाच्या रांगेतसुद्धा.

आणि नेमका हाच माणूस अशा खेळात जाऊन पडला, जिथे लाईन देणं गुन्हा आहे.

साहेबांकडे नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. ते माझ्या हातात देऊन म्हणाले, "आपल्या लोकांना कळेल असं करा काहीतरी." मी रेघी कागदावर बारा नियम काढले आणि खाली सही ठोकली. पुस्तकातलं बरंचसं मला कळलं नाही, पण नेम धरण्याबद्दल जे होतं ते अगदी घरचं वाटलं, म्हणून बारांपैकी आठ नियम नेमाचेच झाले. खेळणारा नेम धरत असताना कुणी बोलू नये, हलू नये, खाकरू नये. त्याचा चेंडू आणि गल यांच्यामधल्या रेषेवरून चालू नये, त्या रेषेवर कुणाची सावली पडू देऊ नये. फटका मारताना त्याच्या पाठीमागे, त्याच रेषेत, कुणीही उभं राहू नये. दिशा कळावी म्हणून जमिनीवर काठी, रुमाल, काहीही ठेवू नये. ठेवल्यास तो गल प्रतिपक्षाला जाईल. पुस्तकात मागे उभं राहण्याची मनाई थैली उचलणाऱ्या मदतनिसाला होती. मी 'कुणीही' केलं. आमच्याकडे मदतनीस कोण आणि बघ्या कोण हे कळायची सोय नव्हती.

हे नियम पाळले जात होते असं म्हणणं धाडसाचं होईल. साहेब वाकून नेम धरत असायचे आणि बागायतदार चार हातांवर फोनवर ओरडत असायचा, "मोटर चालू कर! मोटर!" तिसऱ्या गलावर शेळ्या बसायच्या. तरी मी दर वेळी कागद काढून वाचायचो. माझा आवाज एरवी घरातही ऐकू येत नाही. माळावर मी पंच होतो.

आता मिस्तरी. ज्यांच्यामुळे हे लिहायला बसलो त्यांना आणायला इतका उशीर लावला, यातही माझा स्वभाव दिसतो.

बसस्टँडच्या मागे त्यांचं वेल्डिंगचं दुकान. तीन पिढ्या शहाद्यात. आजोबा बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे, वडील कुळव, हे ट्रॉल्या आणि गेटं. घरात हिंदी, गिऱ्हाइकाशी अहिराणी. गलांसाठी पाइप कापून द्यायला मीच त्यांना बोलावलं होतं. मग साहेबांची एक काठी दगडावर आपटून मोडली, ती जोडायला त्यांच्याकडे गेली. जोडलेली काठी ते माळावर घेऊन आले आणि म्हणाले, "मारी देखस. सांधा टिकस का नही ते कळी."

सांधा टिकला. चेंडू असा गेला की साहेबांनी चष्मा काढून पुसला.

मिस्तरींचा नेम बघण्यासारखा होता. चेंडूच्या मागे जायचे, मान तिरपी करायचे, एक डोळा मिटायचे. गेट सरळ बसलं का हे पाहतात तसं. मग वेल्डिंगचा नसलेला मुखवटा हाताने तोंडावर ओढायचे आणि मारायचे. मोडक्या काठ्यांच्या तुकड्यांतून त्यांनी स्वतःसाठी एक लांब काठी जोडली, आणि ब्राउनवर चेंडू ढकलायला दुसरी, ट्रॉलीच्या लोखंडी पट्टीची. साधनं कशी असावीत यावर पुस्तकात पानंच्या पानं होती. तो भाग मी भाषांतरात गाळला. माझ्या नावावर एवढं एक पुण्य आहे.

साहेबांच्या थैलीत तेरा काठ्या. बागायतदाराचा स्वतःचा संच सुरतेहून आणलेला, थैलीसकट. मिस्तरींच्या दोनच, आणि थैली नाही. त्यामुळे एक काठी दोन्ही हातांत धरली की दुसरी ते पायाशी जमिनीवर ठेवायचे. पहिल्या दिवसापासून. दुकानात वेल्डिंगच्या कांड्या ठेवतात तशी, सरळ. मी ते पन्नास वेळा पाहिलं होतं.

आणखी एक. क्लबचा फोनवर गट होता. रविवारी किती वाजता जमायचं ते साहेब त्यावर टाकायचे. आम्ही आठ जण त्यात होतो, मिस्तरी नव्हते. कुणी मुद्दाम वगळलं नव्हतं. पाइपवाल्याला गटात घ्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांना फोन करायचो. "उद्या साडेसहा." "येस, भाऊसाहेब." एवढंच बोलणं व्हायचं. ते मला भाऊसाहेब म्हणायचे, आणि माझ्या आयुष्यात मैत्री म्हणता येईल असं जे काही झालं, ते बहुधा हे शनिवारचे फोन.

दुसऱ्या हिवाळ्यात साहेबांची बदली झाली. निरोपाचा सामना ठरला. बक्षीस म्हणून साहेबांनी आपला संच लावला, थैलीसकट. त्यांना नवीन घ्यायचाच होता. मिस्तरींनी थैली उचलून पाहिली, पट्टा खांद्याला लावला, परत ठेवली. 

सामना गलागलांचा होता. ज्याने कमी फटक्यांत चेंडू गलात घातला तो गल त्याचा. ज्याचे गल जास्त तो जिंकला. शेवटच्या रविवारी उरले दोघे, साहेब आणि मिस्तरी. पंच मी.

इथे माझ्या मनात काय होतं ते सांगायला हवं. माझी बदली डोंगरात, धडगावला, होणार अशी कुजबुज होती. डोंगराशी माझा संबंध एवढाच की एकदा मोजणीसाठी मणिबेलीला बोटीने गेलो होतो आणि जाता-येता ओकलो होतो. माझ्या बदलीच्या कागदावर साहेबांची सही लागत नव्हती, पण त्यांचा एक फोन पुरला असता. साहेबांनी मला कधी काही सुचवलं नाही. मीही कधी मागितलं नाही. न मागता मिळवायची सवय असलेली माणसं फार नम्र दिसतात.

चार गल झाले तेव्हा मिस्तरी एका गलाने पुढे होते. पाचवा गल सगळ्यांत छोटा. दोघांचेही चेंडू ब्राउनवर आले. साहेबांचा हुकला. मिस्तरींनी लांब काठी पायाशी ठेवली, पट्टीची काठी घेतली, मान तिरपी केली, मुखवटा ओढला आणि चेंडू गलात घातला. पाइपात टण्ण वाजलं. आता ते दोन गलांनी पुढे, आणि उरला एक. म्हणजे सामना संपला होता.

बागायतदार टाळी वाजवायला हात उचलत होता. मी म्हणालो, "नियम सात."

"काय शे भो?" बागायतदार.

मी कागद काढला आणि वाचला. दिशा कळावी म्हणून जमिनीवर काठी ठेवल्यास तो गल प्रतिपक्षाला जाईल. बोटाने काठी दाखवली. ती पायाशी होती, आणि रेषेला समांतर होती. समांतर का होती तर ती मिस्तरींनी ठेवली होती. त्या माणसाने चमचाही पाटाला समांतर ठेवला असता.

साहेब म्हणाले, "अहो, राहू द्या..." आणि पुढचं वाक्य त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं.

मिस्तरींनी काठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बरं," म्हणाले आणि काठी उचलली.

सामन्यांच्या वहीत मी लिहिलं: पाचवा गल, साहेब. सामना बरोबरीत.

सहाव्या गलावर मिस्तरी प्रत्येक फटक्याच्या आधी दहा पावलं लांब जात होते, दुसरी काठी तिकडे ठेवत होते, दहा पावलं परत येत होते. मारून झालं की पुन्हा दहा पावलं जाऊन काठी आणायची. कुणी म्हणालं नाही की दे, मी धरतो. माझे हात रिकामे होते. पंचाने काठी धरू नये असा नियम मी शोधत होतो, सापडला असता तर बरं वाटलं असतं.

मिस्तरींचा ब्राउनवरचा पहिला फटका हुकला, दुसऱ्याला चेंडू गेला. साहेबांनी चार पावलांवरून एका फटक्यात घातला तर सामना त्यांचा. साहेबांचा दोष मला पाठ होता. ते नेहमी उजवीकडे मारायचे. सरावाच्या वेळी मी मागे उभा राहून "थोडं डावीकडे" म्हणत त्यांना वळणावर आणलं होतं.

झेंड्याची काठी गलातून काढून माझ्या हातात होती. सकाळचे आठ, थंडीचे दिवस, ऊन पाठीमागून, सावल्या लांबच लांब. मी साहेबांच्या मागे जाऊन उभा राहिलो. काठी सरळ उभी धरली आणि तिची सावली पाहिली. चेंडूच्या अंगाला लागून ती पुढे गेली होती आणि तिचं टोक गलाच्या अलीकडे टीचभर डावीकडे पडलं होतं. मी अर्धं पाऊल सरकलो. डावा डोळा मिटला. टोक गलात गेलं.

माझ्याच कागदावरचे दोन नियम मी एकाच वेळी मोडत होतो आणि पंच असल्यामुळे मला कुणी हटकणार नव्हतं.

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. ते खाली पाहत होते. चेंडू सावलीवरून असा गेला, जसा नळ्यातून पाणी जावं.

टाळ्या झाल्या. साहेबांनी स्वतःचाच संच जिंकला आणि हसत म्हणाले, "आता मी हा कुणाला देऊ?" मिस्तरींनी सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशीही, आणि दोन काठ्या मोटरसायकलला बांधून गेले. आठवड्याने साहेबांनी संच माझ्या घरी पाठवला. सोबत चिठ्ठी होती: तुम्ही या खेळाची निष्ठेने सेवा केलीत.

सामन्यांची वही कप्प्यात घालून थैली मी घरच्या माळ्यावर टाकली. साहेब गेल्यावर दोन-तीन रविवार आम्ही जमलो. कुणी तरी विचारलं, मिस्तरी का येत नाही? मी म्हणालो, "राग आला असेल. हार पचत नाही काहींना." हे मी चहाच्या टपरीवर चार लोकांत बोललो. माझा आवाज सहसा ऐकू येत नाही, पण हे वाक्य गावभर ऐकू गेलं. मिस्तरी म्हणजे हरला की रुसणारा माणूस, असं लोक गंमतीने म्हणू लागले. नंतर खेळच बंद पडला. बागायतदाराने ठिबक आणलं. तिसऱ्या गलावर आता पपई आहे.

माझी बदली पुढच्या वर्षी झालीच. धडगावला. तीन वर्षं राहिलो. हवा चांगली होती, माणसं सरळ होती, एकदाही ओकलो नाही. जिच्यासाठी एवढा खटाटोप केला ती भीती प्रत्यक्षात अशी निघाली, की त्यावर हसावं तरी कुणाजवळ?

बसस्टँडमागचा रस्ता मात्र मी सोडला. आमच्या घराच्या गेटचा बिजागर तुटला, मी तो तारेने बांधला. तार गंजली, नवी तार बांधली. बायको म्हणायची, "मिस्तरी तुमना दोस्त ना? मंग बलावा ना!" मी म्हणायचो, बघू. सहा वर्षं बघितलं. रोज मनात एक वाक्य जुळवायचो, मिस्तरी, ती सावली मी पाडली होती. वाक्य चांगलं जमलं होतं. सांगितलं नव्हतं, एवढंच.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत बायकोने माळ्यावरून थैली खाली ओढली. "सहा वरीस व्हयी ग्यात. ना खेळनात, ना कोले दिधी. घरमा काय मढं सांभाळी ऱ्हायनात का?" थैलीच्या कप्प्यात सामन्यांची वही होती. तीही तिने माझ्यापुढे टाकली.

त्याच सकाळी वही परत कप्प्यात घालून, थैली मोटरसायकलला बांधून मी मिस्तरींच्या दुकानासमोर उभा राहिलो. ते ट्रॉलीचा सांधा मारत होते. हात थांबला, मुखवटा वर गेला. दाढी पांढरी झाली होती.

"या भाऊसाहेब. गेट तुटनं शे ना?"

"तुम्हले कसं माहीत?"

"येता-जाता देखस ना. तार बांधेल शे. मी म्हनू, आज ना उद्या येतीनच." त्यांनी स्टूल पायाने पुढे सरकवलं. "बठा."

मी बसलो नाही. बसलो असतो तर गेटबद्दलच बोललो असतो. म्हणालो, "मिस्तरी, माले एक सांगनं शे. त्या सामनामा, सहावा गलवर, झेंडानी सावली मी पाडी व्हती. मुद्दाम. सायेबले लाईन दिधी."

"देखी व्हती."

सहा वर्षं जपलेलं माझं पाप त्यांनी दोन शब्दांत परत केलं.

"मंग तुम्ही बोलनात का नही?"

"पंच तुम्ही. तक्रार कोनाकडे करू?" ते हसले. "आनि सावलीनं काय, भाऊसाहेब. सायेबनी बी देखी, मी बी देखी, शेळीसनी बी देखी व्हई. ती सोडा. त्या काठीनं बोला."

"कोनती काठी?"

"पाचवा गलवर मन्हा पायजोडे व्हती ती."

मी म्हणालो ते तर नियमाप्रमाणे होतं. आणि हे बोलताना मला ऐकू आलं की मी पुन्हा पंचाच्या आवाजात बोलतोय.

मिस्तरींनी हातमोजे काढले. "काठ्या दोन. हात दोन. मारानी काठी दोन्ही हातमा धरनी पडस. मंग दुसरी कठे ठेवू? डोकावर? थैली नही मन्हाकडे, हाई तुम्हले माहीत नही व्हतं का?"

"माहीत व्हतं."

"वरीसभर ठेवी. तुम्ही कधी वाचा का तो कागद?"

"नही."

सावलीचं पाप मी वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलं होतं, कारण त्यात थोडी हुशारी होती. माझ्या कसबाचं होतं ते. काठीचा दंड मी कधी पापात धरलाच नव्हता. तिथे मी फक्त कागद वाचला होता.

मिस्तरी उठले आणि भिंतीवरून एक वस्तू काढली. हातभर लांबीची टोकदार सळई, वर दोन वाकडे आकडे. आकड्यांत वेल्डिंगच्या कांड्या अडकवलेल्या होत्या. त्यांनी त्या काढल्या आणि सळई दुकानापुढच्या मातीत खुपसली. कोपऱ्यातली ती जुनी लांब काठी आणून आकड्यात उभी केली. काठी उभी राहिली.

"त्याच दिनले संध्याकाळे बनाडं. भुईवर काठी ठेवानीच नही. तुमना नियम बी मोडस नही, मन्हं काम बी व्हस. दुसरा रविवारे लई येनार व्हतू."

"मंग?"

त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "मंग काय? शनिवारे तुम्ही फोनच नही करा."

मी आता खरं लिहितोय, म्हणून हेही लिहितो. ही गोष्ट मला आठवतच नव्हती. त्या शनिवारी मी फोन हातात घेतला होता की नाही, हेसुद्धा आठवत नाही. मी सगळ्यांना सांगत राहिलो की मिस्तरींना राग आला. आणि तो माणूस सळईला टोक काढून रविवारची वाट बघत होता.

"लोके माले रुसेल म्हनतस," ते म्हणाले. "मन्हा साडूबी म्हने, तू हारना का रुसी जास. मी कधी रुसनू, भाऊसाहेब?"

"नही रुसनात."

"मंग तसं सांगा ना."

मी थैलीच्या कप्प्यातून वही काढली. आमच्या खात्यात नोंद खोडत नाहीत. चुकलेल्या नोंदीवर लाल शाईची एकच रेघ ओढायची, खालचं वाचता यायला हवं, आणि शेजारी दुरुस्ती लिहून सही करायची. लाल पेन माझ्या खिशात असतोच. ट्रॉलीच्या पत्र्यावर वही ठेवून मी 'पाचवा गल, साहेब' वर रेघ ओढली आणि लिहिलं: पाचवा गल, मिस्तरी. दंड चुकीचा. पंचाची चूक. सही.

लिहिताना लक्षात आलं. पाचवा गल मिस्तरींचा, म्हणजे ते दोन गलांनी पुढे, उरला एक. सामना तिथेच संपला. सहावा गल खेळायचं कारणच नव्हतं, म्हणजे सावली पडली ती सामना संपल्यानंतर. ज्या पापाने मला सहा वर्षं या रस्त्याने येऊ दिलं नाही, ते नियमानुसार घडलंच नव्हतं. जे घडलं होतं ते मला ठाऊकच नव्हतं.

मिस्तरींनी वही पाहिली. "अक्षर मस्त शे. पन हाई कोन वाचनार?"

बरोबर होतं. मी फोन काढला. तो जुना गट अजून आहे. त्यावर आता फक्त दिवाळीच्या पणत्या येतात. जाताना साहेबांनी मला त्याचा ॲडमिन करून ठेवलं होतं. आधी मिस्तरींना गटात घेतलं. त्याला सहा सेकंद लागले. मग लिहायला बसलो, आता स्टुलावर. पहिली ओळ हातातून खात्याचीच निघाली: विषय, अंतिम सामन्याच्या निकालात दुरुस्ती.

"वाचा," मिस्तरी म्हणाले.

मी वाचलं. पाचव्या गलाचा दंड चुकीचा होता. मिस्तरींकडे थैली नव्हती म्हणून काठी खाली होती, आणि हे मला माहीत होतं. त्यामुळे सामना पाचव्या गलावरच मिस्तरींनी जिंकला. त्यानंतर सहाव्या गलावर मी झेंड्याच्या काठीची सावली पाडून साहेबांना दिशा दाखवली. साहेबांनी तसं सांगितलेलं नव्हतं. मिस्तरी रुसून गेले हे मी पसरवलं, ते खोटं. त्यांना मी फोन केला नाही.

"आते बटन दाबा."

माझा अंगठा थांबला. आठ माणसं. त्यातले चार मला रोज बाजारात भेटतात.  नेम धरणाऱ्याशेजारी उभं राहावं तसे मिस्तरी न हलता उभे होते. मी दाबलं.

पहिलं उत्तर बागायतदाराचं आलं. "काय भाऊसाहेब, मंग आते पपई उपाडू का?" पाठोपाठ कुणाचे तरी हसरे चेहरे. एकाने लिहिलं, "आम्ही तेव्हाच म्हणत होतो." तेव्हा तो काहीच म्हणाला नव्हता. बऱ्याच वेळाने साहेबांचा अंगठा आला, आणि खाली एक ओळ: "मिस्तरी म्हणजे ते पाइपवाले ना? माझा नमस्कार सांगा. सामना कुठला ते आठवत नाही."

मिस्तरींनी ती ओळ दोनदा वाचून घेतली. "आठवस नही म्हने." मग मोटरसायकलकडे बोट केलं. "पन मन्हा संच तं मन्हा शे ना?"

मी थैली सोडली, पट्टा खांद्याला लावला आणि ती आत नेऊन ठेवली. थैली जड होती. मिस्तरींनी एकेक काठी काढून उजेडात फिरवली, मुठीवरचं रबर नखाने दाबलं. रबराचा भुगा पडला.

"सहा वरीस घरमा ठेवीसन सडाई टाकं," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांच्या आवाजात राग आला तो एवढ्यापुरताच. लगेच जमिनीवर बसून पहिल्या काठीचं रबर ते पात्याने सोलू लागले.

मी बघायला त्यांच्या मागे जाऊन वाकलो.

"उजेड सोडा, भाऊसाहेब."

मी बाजूला झालो.